डाइकच्या आत फायर लाइनचे सांधे: ग्रूव्ह कपलिंग, फ्लँज की वेल्ड?

रिंगमेन२५०

पेट्रोल आणि डिझेलच्या चार उभ्या टाक्या आहेत, एकाच डाइकमध्ये (गळती अडवणाऱ्या भिंतीच्या आत). अग्निशमनाची पाईपलाइन नव्याने टाकायची आहे. मांडणी अशी:

२५० एनबी (नाममात्र व्यास, मिमीमध्ये) हायड्रंट रिंग मेन, म्हणजे भोवती फिरणारी मुख्य अग्निशमन लाइन, निम्मी जमिनीखालून, निम्मी जमिनीवर स्लीपरवर. सगळी डाइकच्या बाहेर. नेहमी पाण्याने भरलेली. पंपाचा शटऑफ दाब (पुढे सगळं बंद असतानाचा) १२ बार.

त्यातून डिल्यूज व्हॉल्व्हमार्गे (आग कळली की आपोआप उघडणारा) १५० एनबी हेडर डाइकमध्ये शिरतो. आत साधारण ६० मीटर सरळ, मग टाक्यांवरच्या ८० एनबी कूलिंग रिंग. हा सगळा भाग एरवी कोरडा.

फोमसाठी १०० एनबी लाइन प्रत्येक टाकीच्या फोम चेंबरपर्यंत (टाकीत फोम सोडणारी पेटी). हिचे व्हॉल्व्ह हाताने उघडायचे, डाइकच्या बाहेरून.

ठेकेदाराचं म्हणणं, सगळीकडे ग्रूव्ह कपलिंग (पाईपच्या टोकाजवळच्या खोबणीत अडकणारी, आत रबरी गॅस्केट असलेली बोल्टची कडी) लावू. वेल्डिंगचं परमिट नको, काम निम्म्या वेळात. मालकाच्या बाजूचा सल्लागार म्हणतो, सगळं फ्लँजचं (बोल्टने जोडायच्या चकत्यांचं) करा. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. कोणता सांधा कुठे, आणि का, एवढं नेमकं सांगा. "मानकात बघा" एवढ्यावर सोडू नका, मानक उघडूनच बसलो आहे.

कोरडी_लाइन

दोघंही एकच चूक करताहेत: अख्ख्या जागेला एक सांधा शोधताहेत. प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारा. आग लागली तर ज्वाळा किंवा झळ इथे पोचते का? त्या क्षणी पाईपमध्ये पाणी असतं का? आणि पाणी आपोआप येतं, की कुणीतरी येऊन व्हॉल्व्ह उघडेपर्यंत थांबावं लागतं?

पाणी भरलेला पाईप आगीत बराच काळ तग धरतो, कारण धातूचं तापमान पाण्याच्या आसपासच राहतं. कोरडा पाईप ज्वाळेत सापडला की गोष्ट वेगळी. पोलाद स्वतः काही मिनिटं निभावून नेतं, पण ग्रूव्ह कपलिंगमधलं ईपीडीएम रबर साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंतचं. ती मर्यादा फार लवकर ओलांडली जाते. मग व्हॉल्व्ह उघडला की पाणी टाकीवर न जाता पहिल्या जळक्या सांध्यातून डाइकमध्ये सांडतं. पुढच्या नोझलना दाब मिळत नाही, आणि डाइक पाण्याने भरत जातो तसं जळतं इंधन वर तरंगत उंचावतं.

म्हणूनच एनएफपीए ११ (फोम) आणि १५ (पाण्याचा फवारा) या दोन्ही अमेरिकी मानकांचा सूर सारखा आहे: आगीच्या झळीतल्या भागात रबरी गॅस्केटचे सांधे फक्त तिथेच, जिथे यंत्रणा आपोआप सुरू होते. तुमची फोम लाइन हाताने चालणारी आहे, म्हणजे तिच्यावर डाइकच्या आत कपलिंगचा विषयच संपला. बाहेरून फोम टेंडर (फोमची गाडी) जोडायची अर्धस्थिर व्यवस्था असती तरी हेच उत्तर.

कूलिंग लाइन डिल्यूजवर आहे. कागदावर कपलिंग चालेल. मी तरी लावणार नाही. डिटेक्शन पॅनेल बिघडलं, हवेच्या लाइनला गळती लागली, दुरुस्तीसाठी डिल्यूज 'मॅन्युअल'वर टाकला, असे दिवस वर्षातून येतातच, आणि त्या दिवसांत ती स्वयंचलित यंत्रणा उरत नाही. सांधा मात्र तोच राहतो.

तेव्हा माझा वाटा असा. डाइकच्या आतला १५० हेडर आणि १०० फोम लाइन: बट वेल्ड (टोकाला टोक लावून), आणि जिथे उघडावं लागेल तेवढ्याच जागी फ्लँज. ८० ची रिंग: वर्कशॉपमध्ये वेल्ड करून, मगच गॅल्व्हनाइझ केलेले स्पूल (तयार तुकडे), साइटवर फ्लँजने जोडायचे. गॅल्व्हनाइझ्ड पाईपवर साइटला वेल्ड मारला तर त्या पट्ट्यातलं जस्त जळून जातं, आणि कोरड्या लाइनमध्ये नेमका तिथूनच आतून गंज सुरू होतो. सुटलेले पापुद्रे नोझलमध्ये जाऊन बसतात.

डाइकच्या बाहेरची, जमिनीवरची, भरलेली रिंग मेन: इथे ठेकेदाराचं ऐका. कपलिंग उत्तम. फक्त एक बघा, बाहेरच्या लाइनचा कुठलाही भाग टँकर भरायच्या जागेजवळून किंवा प्रॉडक्ट पंपांच्या शेजारून जात असेल तर तोही झळीतला भाग धरा. डाइकची भिंत म्हणजे आगीची सीमा नाही.

गॅस्केटबुवा

फ्लँजबद्दल लोक बेफिकीर असतात, म्हणून थोडं लांब लिहितो.

डाइकच्या आत फ्लँज लावला आणि मध्ये साधी रबर शीट टाकली, तर कपलिंग टाळून काय मिळवलं? रबर तेच, जळणार तसंच. पीटीएफई शीटही नको, ती उष्णतेत मऊ होऊन सरकते आणि बोल्टचा ताण निघून जातो. आगीच्या भागात ग्रॅफाइट हवं. १५० आणि १०० एनबीला ग्रॅफाइट भरलेलं स्पायरल वाउंड (पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेलं) गॅस्केट चालेल, पण त्याला बसायला जोर लागतो, त्यामुळे बोल्ट बी७ (जास्त ताकदीच्या पोलादाच्या) दर्जाचेच घ्या. दुकानातले साधे काळे बोल्ट घातले तर गॅस्केट पुरतं दबतच नाही, आणि हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) पाझर दिसला की माणसं बोल्ट ताणून ताणून तोडतात. ८० एनबी क्लास १५० ला (अमेरिकी मापाच्या फ्लँजला) चारच बोल्ट असतात. तिथे मी स्टेनलेस पत्रा घातलेली ग्रॅफाइट शीट पसंत करतो, कमी ताणात बसते.

दुसरी गोष्ट, भोकं. व्हॉल्व्ह पीएन १६ चे (युरोपीय मापाचे) आणि फ्लँज क्लास १५० चे अशी खिचडी सर्रास होते. १०० एनबीला दोन्हीकडे आठ भोकं, पण पिच सर्कल (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १८० विरुद्ध १९०.५ मिमी. बसणारच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. २०० ला क्लास १५० मध्ये आठ भोकं, पीएन १६ मध्ये बारा. तेही कळतं. दगा देतं ते १५० एनबी: २४० आणि २४१.३, दोन्हीकडे आठच भोकं. बोल्ट जरा ठोकून आत जातात, फ्लँज बसल्यासारखा दिसतो, आणि बोल्ट तिरके राहून गॅस्केट एका बाजूला चिमटतं. ऑर्डर देतानाच एक ड्रिलिंग ठरवा आणि व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, डिल्यूज, नॉन-रिटर्न सगळ्यांच्या कागदावर तेच लिहा.

तिसरी: बिडाचा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा फ्लँज सपाट तोंडाचा असतो. समोर उंच तोंडाचा पोलादी फ्लँज लावून कसलात, तर बिडाचा कान तडकतो. समोरही सपाट तोंड घ्या आणि बोल्टच्या भोकांपर्यंत जाणारं पूर्ण आकाराचं गॅस्केट. डाइकच्या आत मात्र बीड नकोच. तापलेल्या बिडावर थंड पाणी आलं की तडा जातो. तिथे पोलादी व्हॉल्व्ह.

कसताना समोरासमोर आळीपाळीने, तीन फेऱ्यांत: ठरलेल्या टॉर्कच्या तिसऱ्या हिश्श्यावर, मग दोन तृतीयांशावर, मग पूर्ण. शेवटी एक फेरी गोल, सलग. दाबाची चिंता इथे नाही, क्लास १५० कार्बन स्टील नेहमीच्या तापमानाला १९.६ बार घेतं आणि तुमचा शटऑफ १२ आहे.

खोबणीकार

'कोरडी_लाइन' यांच्याशी सहमत आहे, कपलिंगचा पुरस्कर्ता असूनही. फक्त बाहेरच्या भागात कपलिंग लावताना कामं कशी फसतात ते सांगतो, कारण "परमिट नको, निम्मा वेळ" या आनंदात मोजमाप राहून जातं.

सगळ्यात आधी पाईपचा बाहेरचा व्यास. १५० एनबी म्हणून बाजारात दोन वेगळे पाईप मिळतात: १६८.३ मिमी आणि १६५.१ मिमी. ६५ एनबीला ७३.० आणि ७६.१. १०० एनबीला दोन्हीकडे ११४.३, म्हणून तिथे कुणाला काही जाणवत नाही आणि गैरसमज पुढे सरकतो. १६५.१ च्या पाईपवर १६८.३ चं कपलिंग बसतं, बोल्टही कसले जातात, कधीकधी टेस्टसुद्धा निघून जाते. पण कपलिंगची कड खोबणीत पूर्ण बसलेली नसते, आणि पंप दणक्यात सुरू झाला की पाईप सांध्यातून निसटतो. माल उतरवताना प्रत्येक गठ्ठ्यातल्या पाईपला पाय-टेप (घेरावरून थेट व्यास दाखवणारी) लावा. डोळ्यांना तीन मिलिमीटर दिसत नाहीत.

खोबणी. रोल ग्रूव्हमध्ये धातू दबतो, कट ग्रूव्हमध्ये धातू निघून जातो. त्यामुळे पातळ पाईपवर फक्त रोल. एनएफपीए १३ (स्प्रिंकलरचं मानक) प्रमाणे १५० एनबीला रोल ग्रूव्हसाठी किमान भिंत ३.४० मिमी चालते, कट ग्रूव्हला मात्र शेड्यूल ४० (पाईपच्या जाडीची श्रेणी) म्हणजे ७.११ मिमी लागते. खाऱ्या किंवा न गाळलेल्या पाण्यावर मी रोल ग्रूव्ह असली तरी शेड्यूल ४० च सांगेन. पातळ पाईपमध्ये गंजाला द्यायला काही शिल्लक नसतं.

१६८.३ च्या रोल ग्रूव्हची मापं पाठ ठेवावीत अशी: पाईपच्या टोकापासून खोबणीपर्यंतची गॅस्केटची बैठक १५.८८ मिमी, खोबणीची रुंदी ८.७४, खोली सुमारे २.१६, खोबणीचा तळव्यास जास्तीत जास्त १६३.९६ आणि त्याखाली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त सूट. रोलर झिजला की खोली कमी पडते, तेव्हा प्रत्येक शिफ्टचा पहिला नग मोजा, नंतर दर वीस-पंचवीस नगांना एक. बैठकीच्या त्या सोळा मिलिमीटरमध्ये वेल्डची शिवण उंच असेल तर ग्राइंड करून सपाट करा. रंगाचा थेंब, जस्ताचा ओघळ, पान्याचा ओरखडा, गळतीला यातलं काहीही पुरतं.

गॅस्केटला वंगण म्हणून ग्रीस लावू नका. ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं आणि सैल पडतं. साबणी किंवा सिलिकॉनवर आधारलेलं वंगणच. फिटरच्या डब्यात ग्रीसच असतं, त्यामुळे हे तोंडी सांगून भागत नाही, डबा बदलून द्यावा लागतो.

रिजिड (ताठ) आणि फ्लेक्सिबल (थोडी हालचाल देणारी) कपलिंग यांत गल्लत नको. रिंग मेनवर बहुतेक ठिकाणी रिजिड घ्या. तिरक्या बोल्ट पॅडचे असतील तर दोन्ही पॅड धातूला धातू टेकले पाहिजेत, दोन्ही बाजूंना सारखे. एका बाजूला फट आणि दुसरीकडे टेकलेलं, म्हणजे गॅस्केट चिमटलं आहे. गळती दिसली तर बोल्ट आणखी पिळू नका. सोडा, गॅस्केट बघा, पुन्हा लावा.

आणि फ्लेक्सिबल कपलिंग आहेत म्हणजे प्रसरणाची सोय झाली, हा समज मोडतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ६० मीटरचा पाईप उन्हात ४५ अंशांनी तापला तर ३२ मिमी. रोल ग्रूव्हवरच्या १५० एनबी फ्लेक्सिबल कपलिंगला टोकांमधली हालचाल ३.२ मिमी, आणि हिशेबात त्यातलं २.४ च धरायचं. म्हणजे चौदा कपलिंग हवीत. सहा मीटरच्या पाईपला ६० मीटरमध्ये तेवढी येतच नाहीत. शिवाय आत दाब आला की टोकं ढकलली जाऊन फट पूर्ण उघडते, त्यामुळे वाढ सामावायची असेल तर लाइन आधीच फट ठेवून बसवावी लागते आणि दोन्ही टोकांना अँकर द्यावे लागतात. एवढं कुणी करत नाही.

रिंगमेन२५०

हे ६० मीटरचं उदाहरण नेमकं माझ्या हेडरचंच झालं. तो तर आता वेल्डेड होणार. मग ३२ मिमी कुठे घालवू? बेलोज (घड्यांचा लवचीक तुकडा) लावायचा का?

कोरडी_लाइन

बेलोज नको. पातळ पत्र्याचा, आतल्या दाबाने लांब होऊ बघणारा भाग डाइकमध्ये कशाला हवा? काटकोन वापरा. एका टोकाला अँकर, दुसऱ्या टोकाला ९० अंशाचा एल्बो आणि त्यापुढे आडवा मोकळा पाय. पायाची लांबी अशी काढा: तीन गुणिले स्थितिस्थापकतेचा गुणांक, गुणिले बाहेरचा व्यास, गुणिले सरकणं, भागिले चालणारा ताण, आणि याचं वर्गमूळ. २,००,००० × १६८.३ × ३२ × ३ ÷ १३८, मुळाखाली. सुमारे ४,८४० मिमी येतं. पाच मीटरचा पाय ठेवा. त्या पाच मीटरवर घट्ट क्लँप नको, नुसता खालून टेकू. सरळ ६० मीटरवर मार्गदर्शक सपोर्ट द्या, म्हणजे पाईप लांबीतच सरकेल, वाकडा होणार नाही.

डिल्यूज व्हॉल्व्ह ज्या टोकाला आहे तिथे अँकर ठेवा, वाढ टाकीकडे जाऊ द्या. उलट केलंत तर व्हॉल्व्हचा फ्लँज रोज ढकलला जाईल.

भूमिगत

जमिनीखालच्या निम्म्या मेनबद्दल कुणीच बोललं नाही.

पोलादी पाईप असेल तर बट वेल्ड, बाहेरून रॅप-कोट (गंजरोधक वेष्टन), सांध्यावर हॉलिडे टेस्ट (वेष्टनातली भोकं विजेने शोधणारी), मगच माती. तिथे फ्लँज किंवा कपलिंग मातीत थेट गाडू नका. लागलंच तर चेंबर करा. कॅथोडिक संरक्षण (विजेच्या प्रवाहाने गंज रोखणं) असेल तर लक्षात ठेवा की ग्रूव्ह कपलिंगमधून विजेची सलगता खात्रीची नसते. जमिनीवरच्या भागालाही अर्थिंगची सलगता हवी असेल तर सांध्यावरून जंपर द्यावा लागतो.

सॉकेटमध्ये सारून बसवायच्या रबरी सांध्याचा डक्टाइल आयर्न पाईप घेत असाल तर दोन गोष्टी. पहिली, धक्का. तुमच्या व्यवस्थेची टेस्ट साडेपंधरा बारवर होईल (१३.८ बार, किंवा जास्तीत जास्त दाब अधिक ३.५ बार, यातलं मोठं, दोन तास). २५० एनबीच्या ९० अंशाच्या वळणावर त्या दाबाला सुमारे १२८ किलोन्यूटन, म्हणजे तेरा टन ढकल बसते. ४५ च्या वळणावर सात टन. माती चौरस मीटरला दहा टन घेत असेल आणि दीडचा सुरक्षा गुणांक धरला, तर ९० च्या थ्रस्ट ब्लॉकचं (ढकल पेलणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं) मातीला टेकणारं तोंड दोन चौरस मीटर हवं. साइटवर बादलीभर काँक्रीट ओतून त्याला थ्रस्ट ब्लॉक म्हणतात. आणि मागची माती खणून भरलेली असेल तर ब्लॉक कितीही मोठा असला तरी सरकतोच. अशा जागी रिस्ट्रेन्ड जॉइंट (निसटू न देणारा सांधा).

दुसरी, इंधनाने भिजलेली माती. नेहमीचं एसबीआर रबर त्यात टिकत नाही. जुन्या डेपोच्या जागेत खणताना वास आला की गॅस्केट नायट्राइल किंवा फ्लुरोइलास्टोमर. एचडीपीई (प्लास्टिक) पाईपमधून तर हायड्रोकार्बन भिंतीतूनच आत झिरपतात, सांधा कितीही चांगला असला तरी. एचडीपीई स्वच्छ मातीत छान आहे, बट फ्यूजनने (टोकं वितळवून जोडल्याने) अखंड होतं. पण दाब आला की ते व्यासात फुगतं आणि लांबीत आकसतं, त्यामुळे त्याला जोडलेला सारून बसवलेला सांधा ओढून निघू शकतो. जोड फ्लँजचा आणि अँकर केलेला हवा, आणि जमिनीच्या वर येण्याआधीच पोलादात बदल करायचा.

डाइकच्या भिंतीतून जाताना सांधा भिंतीच्या जाडीत नको, म्हणजे नकोच. पाईप अखंड, भोवती स्लीव्ह, मधली फट आगीला टिकणाऱ्या मालाने बंद. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोच्या २००५ च्या आगीत बंड (डाइक) जिथून गळले, त्यात भिंतीचे जोड आणि पाईप आरपार जाण्याच्या जागा होत्या. शक्य असेल तर पाईप भिंतीवरूनच न्या, भोकच नको. थोडा वाकडा मार्ग, वर हवा अडकू नये म्हणून एक व्हेंट आणि निचऱ्याचे दोन व्हॉल्व्ह, एवढाच खर्च.

फेसाळ

फोमच्या बाजूचं राहिलं.

कॉन्सन्ट्रेट (फोमचा घट्ट द्रव) वाहणारी लाइन, म्हणजे त्याची टाकी ते प्रपोर्शनर (तो पाण्यात ठरल्या प्रमाणात मिसळणारं उपकरण), ही वेगळी जात आहे. गॅल्व्हनाइझ्ड पाईप तिथे चालत नाही, एनएफपीए ११ मध्ये स्पष्ट मनाई आहे. स्टेनलेस घ्या, वेल्डेड, आटे कमीत कमी. कॉन्सन्ट्रेटचा पृष्ठताण फार कमी असतो, त्यामुळे पाण्याच्या टेस्टला कोरडा राहिलेला आट्याचा सांधा कॉन्सन्ट्रेट भरल्यावर पाझरतो. सूत-सफेदा (आट्यांना लावायचा धागा आणि लेप) तर अजिबात नको. गॅस्केटचं रबर कॉन्सन्ट्रेटच्या उत्पादकाच्या यादीतूनच निवडा. फोमचा प्रकार बदलला, उदाहरणार्थ फ्लोरिनमुक्त घेतला, तर यादी पुन्हा बघा.

प्रपोर्शनरच्या पुढे पाणी आणि फोमचं मिश्रण, तिथे नेहमीचा काळा किंवा गॅल्व्हनाइझ्ड पोलादी पाईप ठीक.

टाकीवर चढणाऱ्या रायझरकडे (उभ्या पाईपकडे) लक्ष द्या. टाकीत स्फोट होऊन छप्पर उडालं तर कवच उचललं जातं. पाईप जखडलेला असेल तर वेल्ड तुटतो आणि ज्या टाकीला फोम हवा तिलाच मिळत नाही. म्हणून टाकीपासून १५ मीटरच्या आत जमिनीवरची फोम लाइन खालून टेकलेली पण वरून मोकळी ठेवतात. यू-बोल्ट घट्ट आवळून टाकणं इथे चूक आहे. १०० एनबी आणि त्याहून मोठ्या रायझरला तळाशी हलता सांधा देण्याऐवजी कवचाच्या प्रत्येक पट्ट्याला एक ब्रेस चालतो. त्याहून बारीक रायझरला, लाइन जमिनीखालून येत असेल तर, तळाशी स्विंग (फिरू शकणारा) सांधा. आट्याचे एल्बो या भागात नकोत. एखादा टाळता येत नसेल तर आटे बसवून वरून सील वेल्ड.

टाकी बसते, हेही आहेच. पाणी भरून टाकीची टेस्ट होते तेव्हाच बरीचशी बैठक होऊन जाते, म्हणून रायझर आणि लॅटरल (आडवी लाइन) यांचा शेवटचा सांधा टाकीची टेस्ट झाल्यावरच जोडा.

फोम चेंबरमधली वाफ अडवणारी काच फुटलेली किंवा बसवायचीच राहिलेली असेल, तर टाकीतली वाफ फोम लाइनमध्ये उतरते आणि खालच्या गॅस्केटपर्यंत पोचते. तळातून फोम सोडण्याची व्यवस्था असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळला की थेट इंधनच येतं. अशा लाइनवर टाकीच्या बाजूचं कुठलंही ईपीडीएम धोक्याचं. ग्रॅफाइट लावलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

खोबणीकार

याला जोडून: नायट्राइल तेलाला चालतं म्हणून कुणी सगळीकडे नायट्राइल कपलिंग सुचवेल. कोरड्या लाइनमध्ये, उन्हात तापणाऱ्या पाईपवर, नायट्राइल ईपीडीएमपेक्षा लवकर कडक होतं. गरम कोरड्या हवेचं आणि त्याचं जमत नाही. तेल संपर्काला नायट्राइल, पाण्याला ईपीडीएम. बरेच उत्पादक ईपीडीएमवर हिरवी आणि नायट्राइलवर नारिंगी रेघ देतात, पण गोदामात मिसळलेल्या मालावर रेघेबरोबर कागदही बघा.

नोझल१५

दोन छोट्या गोष्टी, कूलिंग रिंगवरच्या.

नोझलचे आटे. अर्धा इंच आणि पाऊण इंच, दोन्हीमध्ये एनपीटी (अमेरिकी) आणि बीएसपीटी (ब्रिटिश) यांचे इंचाला चौदाच आटे. हाताने छान फिरतात, पण एक ६० अंशाचा, दुसरा ५५ चा. चार वेढे बसून अडकतो, मग टेप गुंडाळून जोराने ओढतात आणि सॉकेट फाटतं. नोझल आणि सॉकेट एकाच जातीचे मागवा. शेड्यूल १० च्या पाईपवर आटे पाडू नका: ५० एनबीची भिंत २.७७, आट्याची खोली सुमारे १.७७. एक मिलिमीटर उरतो. तेवढ्यावर गंज किती दिवस काढेल?

रिंगवर भोक पाडून बोल्टने बसवायचे मेकॅनिकल टी कुणी सुचवले तर नाही म्हणा. त्यातही रबरच असतं, आणि होल-सॉने कापलेली चकती आत पडली तर ती पहिल्या अरुंद जागी अडकते. बाहेरच्या भरलेल्या लाइनवर वापरलेच तर प्रत्येक भोकाची चकती तारेने त्याच टीला बांधून ठेवायला सांगा. मोजायला सोपं जातं.

टेस्ट करताना नोझल काढून प्लग लावा, टेस्टनंतर प्लग काढून धुऊन काढा, मगच नोझल. क्रम उलटा झाला की पहिल्याच ट्रायलला निम्मे नोझल वेल्डच्या चऱ्याने बंद.

रिंगमेन२५०

सगळ्यांचे आभार. आराखडा बदलतोय: बाहेर जमिनीवर रिजिड कपलिंग, जमिनीखाली वेल्डेड पोलाद, आत वेल्ड आणि ग्रॅफाइट फ्लँज, हेडरला पाच मीटरचा पाय. भिंतीवरून पाईप नेतो.

आज पाय-टेप लावली. हेडरसाठी आलेल्या १५० एनबी पाईपमध्ये दोन गठ्ठे १६८.३ चे आणि एक १६५.१ चा निघाला. परत करायला तीन आठवडे लागतील. १६५.१ चा गठ्ठा वेल्डिंगलाच वापरून टाकू का? तिथे खोबणीचा प्रश्न नाही.

गॅस्केटबुवा

वेल्ड-नेक फ्लँज, बट वेल्ड एल्बो, रिड्यूसर, सगळं १६८.३ वर बनलेलं असतं. १६५.१ जोडलात तर घेरावर सगळीकडे १.६ मिमीची पायरी येते, आणि आतली पायरी भिंतीच्या जाडीनुसार वेगळीच. रूट (वेल्डचा तळ) नीट भरत नाही. स्लिप-ऑन फ्लँजमध्येही फट जास्त राहते.

परत पाठवा. तोवर उरलेल्या दोन गठ्ठ्यांतून डिल्यूजकडच्या अँकरपासून सुरुवात करा, आणि तो तिसरा गठ्ठा आजच लाल रंगाने खुणावून वेगळ्या कोपऱ्यात हलवा, नाहीतर रात्रपाळीत कुणीतरी कापेल.

खोबणीकार

आणि बाहेरच्या लाइनवर १५० एनबीच्या फांद्या असतील तर तिथल्या कपलिंगच्या पेट्यांवरचा व्यासही वाचा. पाईप दोन जातींचे आले आहेत, तर कपलिंगही आली असतील.

रिंगमेन२५०

वाचली. अकरापैकी दोन पेट्या १६५.१ च्या.